तानाबाईचा आकडा

"एक्क्याऐंशी!" गुरुराज जवळजवळ ओरडलाच. "आजी, एक्क्याऐंशी! मागच्या वेळी शहात्तर होता."

स्पंजच्या जाड गादीवर दोन्ही पाय जुळवून, डोळे मिटून उभ्या असलेल्या तानाबाईने डोळे उघडले. "झालं व्हय? उतरू का मग?"

"उतरा, उतरा. चक्कर आली का?"

"मला काय हुतंय? पर ही डबी लई चाबरी हाय बगा. माज्याच कमरंवर बसती आन माज्याच चुगल्या सांगती."

सगळे हसले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली विजयमाला तेवढी हसली नाही. पाचच मिनिटांपूर्वी ती त्याच गादीवरून उतरली होती. तिचा आकडा आला होता चोपन्न. गुरुराजने तो मोठ्यांदा वाचलाही नव्हता. "ठीक आहे, विजयामॅडम, सुधारणा आहे," एवढंच म्हणून टॅब खाली ठेवला होता. त्याचं ते हळू बोलणं तिला जास्त लागलं.

सात रस्त्याजवळच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर गुरुराजचं केंद्र होतं. डोक्याला मार लागून तोल बिघडलेली माणसं तिथे यायची. कमरेला एक पट्टा बांधायचा. त्यात काडेपेटीएवढी डबी. माणूस उभा राहिला की शरीर किती डुलतं ते ती मोजते, आणि टॅबच्या पडद्यावर एका वर्तुळात हिरवा ठिपका फिरतो. ज्या बाजूला कलाल त्या बाजूला कमरेशी गुरगुर होते, की माणसाने स्वतःला सावरायचं. शेवटी शंभरपैकी आकडा.

विजयमाला एसटीत कंडक्टर होती. एकोणीस वर्षं. सोलापूर-बार्शी रस्त्यावरचा एकेक खड्डा तिच्या पायांना पाठ. गाडी खचाखच भरलेली असली तरी तिने कधी सीटच्या दांड्याला हात लावला नाही. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्यात सुटे पैसे, आणि वैरागच्या वळणावर सगळी गाडी एका अंगाला झुकली तरी बाई आपल्या सरळ. नवे पोरगे भरती झाले की ड्रायव्हर त्यांना म्हणायचे, "उभं राहायचं कसं ते विजयाबाईंकडून शिका."

आणि ही बाई पडली कुठून, तर स्वतःच्या घरात, दसऱ्याची भांडी काढताना, स्टुलावरून. ओट्याची कड डोक्याला मागून लागली. फोटोत काही निघालं नाही. "मेंदूला हलका मार आहे, होईल बरं," डॉक्टर म्हणाले. पण मान वळवली की भिंती तिच्याबरोबर वळायच्या आणि थांबल्यावर भिंती मात्र थांबायच्या नाहीत. नवीपेठेतल्या गर्दीत एकदा ती नवऱ्याचा दंड धरून भर रस्त्यात खाली बसली. हिंदुराव घाबरला होता, पण लोकांना सांगत राहिला, "काही नाही, ऊन लागलंय."

आता डेपोत कागद अडकला होता. गुरुराजचा अहवाल जाणार, त्यावर तपासणी होणार, मग गाडीवर जायचं की नाही ते ठरणार. "धावत्या गाडीत उभं राहायचंय, मॅडम. निदान पंचाहत्तरच्या पुढे जाऊ द्या," तो म्हणाला होता. नाहीतर चौकशीची खिडकी होतीच. तिथे बसलेल्या माणसांना विजयमाला आजवर मनातल्या मनात 'टेबलावरचे' म्हणत आली होती.

तानाबाई सांगोल्याकडची. मेंढरांमागे चालण्यात जन्म गेलेला. साठी केव्हाच उलटलेली. एका एडक्याने मागून धडक दिली आणि ती मेंढरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीवर आपटली. चार दिवस तिला आपल्या सुनेचं नाव आठवत नव्हतं. आता हत्तुरे वस्तीत लेकीकडे राहून ती आठवड्यातून दोनदा इथे यायची. लिफ्टला हात लावायची नाही. "त्या पेटीत म्या न्हाय उबी ऱ्हायची," म्हणत जिन्याने चढायची, कठड्याला न धरता, चपला हातात घेऊन.

बायकांचे पट्टे बायकांनीच एकमेकींना बांधायचे, अशी तिथली रीत पडली होती. गुरुराज तरुण पोरगा. डबी कमरेच्या मणक्यावर नेमकी बसावी लागते, ती बसवताना त्यालाही अवघड व्हायचं आणि बायकांनाही. विजयमालाच्या हाताला ते काम पहिल्या दिवशीच जमलं, म्हणून तानाबाईचा पट्टा तीच बांधायची. लुगड्याचा काष्टा जरा खाली ओढायचा, डबी अंगाला चिकटवायची, पट्टा घट्ट ओढून चिकटपट्टी दाबायची. म्हणजे जो आकडा तिला नको असायचा, त्याची तयारी तीच स्वतःच्या हाताने करून द्यायची.

सुरुवातीला तिला हे जळणं आहे असं वाटलंच नाही. म्हातारीचं बरं होतंय, चांगलं आहे, असं ती हिंदुरावला सांगायची. पण सांगताना आकडाही सांगायची. "आज तिचा अडुसष्ट." "आज शहात्तर." स्वतःचा त्याने विचारला तरच. एक दिवस संस्कृती, तिची कॉलेजातली लेक, ताट वाढता वाढता म्हणाली, "आई, तू जेवायला बसलीस की रोज त्या आजींचं सांगतेस."

"मी कुठं सांगते?"

"आत्ता काय सांगत होतीस?"

विजयमालाने भाकरी मोडली आणि आमटीत कुस्करली.

ती घरी दिवसातून चार वेळा व्यायाम करू लागली. गुरुराजने दोनदाच सांगितले होते. भिंतीवरच्या खिळ्यावर नजर ठेवून मान डावी-उजवी, डावी-उजवी. उशीवर उभं राहून डोळे मिटायचे. दुपारी घाम फुटायचा, मळमळायचं, आणि दुसऱ्या दिवशी आकडा दोनाने घसरायचा. "जास्त करताय का?" गुरुराजने विचारलं. "नाही," ती म्हणाली.

तानाबाई काय करत होती घरी? काहीच नाही! लेकीच्या दारात बसून रस्त्यावरच्या शेळ्या बघत होती. ते तिनेच सांगितलं. "ती मान हालवायची भानगड मला न्हाय जमत बाय. इसरतीच म्या." आणि वर एक्क्याऐंशी. गुरुराजने तिचा व्हिडिओ काढला, पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायला. विजयमालाला त्याने मोबाइल धरायला सांगितला. तिने धरला. पडद्यावर म्हातारी डोळे मिटून झाडासारखी उभी होती, आणि विजयमालाला वाटत होतं, आता हलेल, आता हलेल. एकदा तरी हल.

त्यातून तानाबाईचा जीव तिच्यावर. कधी उकडलेल्या शेंगा आणायची, कधी मडक्यातलं दही. "खा गं. तुजी कंबर बग, खारकीवानी झालीया." शेंगांची पिशवी विजयमालाने खाली वॉचमनला देऊन टाकली. दुसऱ्या वेळी तानाबाई तिला शिकवायला लागली. "तू डोळं मिटलं की दातखिळी बसवतीस बग. कशापायी? कुनाशी भांडान हाय का? सैल सोड की."

एकोणीस वर्षं धावत्या गाडीत उभी राहिलेली बाई. तिला ही म्हातारी उभं राहायला शिकवणार.

दिवाळी झाली. त्या शुक्रवारी तानाबाईचा मुलगा बिरुदेव आला होता. उंच, अबोल, खांद्यावर घोंगडं. रविवारी त्यांची मेंढरं पश्चिमेकडे निघायची होती. चार महिने मुक्काम हलवत हलवत, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत जायचं. आईला घेऊन जायचं की नाही ते विचारायला तो आला होता.

"आज पक्कं सांगतो," गुरुराज म्हणाला. "आजचा आकडा असाच आला तर खुशाल न्या."

तानाबाईच्या तोंडावर असा उजेड पडला की विजयमालाने नजर काढून घेतली. ही जाणार. आपल्या कामावर जाणार. आणि आपण मंगळवारी पुन्हा याच खुर्चीत.

"बांद बाय पट्टा," तानाबाई तिच्यापुढे पाठ करून उभी राहिली.

विजयमालाने काष्टा खाली ओढला नाही. डबी लुगड्याच्या घडीवरच ठेवली आणि पट्टा रोजच्यापेक्षा चार बोटं सैल चिकटवला. पदर त्यावरून सारखा केला. ती हे ठरवून आली नव्हती. पण करताना तिला नीट कळत होतं, हात थांबवायला वेळही होता, आणि तिने तो थांबवला नाही.

म्हातारी गादीवर उभी राहिली. सैल डबी तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर लुगड्यावर हिंदकळत होती, आणि पडद्यावरचा ठिपका वर्तुळाबाहेर सैरावैरा धावत होता. कमरेशी एकसारखी गुरगुर चालली. तानाबाई गोंधळली. इकडे सावरू की तिकडे?

"एकोणपन्नास," गुरुराज पुटपुटला. "आजी, पुन्हा एकदा उभ्या राहा बरं."

पुन्हा सत्तेचाळीस.

त्यानंतर विजयमालाचा आला त्रेसष्ट. आजवरचा सगळ्यात मोठा. गुरुराज तिला "छान" म्हणाला खरं, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो बिरुदेवला सांगत होता, "असं एकदम खाली येणं चांगलं नाही. रानात पडल्या, पुन्हा डोक्याला लागलं, तर महागात पडेल. एक फोटो काढून घेऊ. तीन आठवडे तरी इथेच ठेवा."

बिरुदेव मान हलवत राहिला. तानाबाई स्वतःच्या पायांकडे बघत होती.

विजयमाला आनंदात होती. हे तिने पुढे कधीच नाकारलं नाही. त्रेसष्ट! ती लगबगीने बाहेर आली आणि जिन्याच्या तोंडाशी थबकली. खाली तानाबाई उतरत होती. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने बिरुदेवचं मनगट. एक पायरी उतरायची, थांबायची, पाय चाचपायची, मग दुसरी. मधेच म्हणाली, "हळू रं बिरू. घिरी येतीया."

तिला घेरी येत नव्हती. विजयमालाला ते पक्कं ठाऊक होतं. साऱ्या सोलापुरात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

शनिवार गेला, रविवार गेला. रविवारी तिला वाटलं, आता मेंढरं निघाली असतील. जेवताना हिंदुरावने विचारलं, "या वेळी म्हातारीचा आकडा नाही सांगितलास?" तिने पाण्याचा तांब्या उचलला आणि त्याच्या पेल्यात पाणी ओतलं.

मंगळवारी तानाबाई लिफ्टमधून आली. लेकीने तिला दोन्ही खांद्यांना धरलं होतं. दोन दिवस ती अंथरुणातून उठलीच नाही, असं लेक सांगत होती. "संडासला जायचं तरी धरावं लागतंय. म्हनती, जमीनच हालतीया."

फोटोत काहीच निघालं नव्हतं. गुरुराजलाही उमजेना. त्या दिवशी पट्टा लेकीने बांधला, त्याने सांगितला तसा, घट्ट, अंगालगत. विजयमाला डोळ्यांत प्राण आणून बघत होती. आता खरा आकडा येईल, ऐंशीच्या वर जाईल, सगळं आपोआप मिटेल, कोणाला काही सांगावं लागणार नाही.

म्हातारीने गादीवर पाय ठेवला आणि तिचे गुडघे थरथरू लागले. डोळे मिटायला सांगितले, तर ती मिटेना. "पडंन म्या," ती म्हणाली. मिटले तेव्हा दोन्ही हात हवेत काहीतरी धरायला गेले.

छपन्न. डबी खोटं बोलत नव्हती. जे शुक्रवारी खोटं होतं, ते मंगळवारी खरं झालं होतं.

"मावशी," विजयमाला उठून उभी राहिली. उठताना खोली एकदा फिरली, ती खुर्ची धरून थांबली. "मावशी, तुमचे पाय चांगले आहेत. शुक्रवारी पट्टा मी सैल बांधला होता. मुद्दाम. डबी लुगड्यावर ठेवली. तुम्ही हालला नाहीत, डबीच हालत होती."

गुरुराजने टॅब खाली ठेवला. "मॅडम, काय बोलताय तुम्ही?"

"खरं तेच."

"मी त्या आकड्यावर त्यांना थांबवून घेतलंय. फोटो काढायला लावला. तुम्हाला कळतंय का?" तो पुढेही काही बोलणार होता, पण तानाबाईने हात वर केला.

"का गं?" तिने विचारलं. "म्या तुजं काय वाकडं क्येलं?"

"काही नाही." विजयमाला अजून खुर्ची धरून होती. "तुमचा आकडा जास्त यायचा."

"आकडा?" तानाबाईने लेकीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "त्यो हिरवा टिपका? त्येच्यापायी?" आणि मग तिचा आवाज चढला. "माजी मेंढरं ग्येली की गं! लगीन झाल्यापासनं एकडाव म्या मागं ऱ्हायली न्हाय. बाळंतीन हुती तवा घोड्यावर बसून ग्येली, पर ग्येली. आन तू... त्या टिपक्यापायी? दोन दीस म्या हातरुनात पडून, म्हनतीया आता आपलं संपलं, पोरानं आता मला दारात बसवायची—" तिने कमरेच्या पट्ट्याला हिसका दिला. "ए डाक्तर! घट्ट हाय का ही? बग नीट!"

"घट्ट आहे, आजी."

ती तरातरा गादीवर चढली. कुणी धरायच्या आत तिने पाय जुळवले आणि डोळे मिटले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, नाकपुड्या फुगल्या होत्या. पण कमरेखाली ती हलली नाही. तीस सेकंद. पडद्यावरचा ठिपका वर्तुळाच्या मधोमध, खिळा ठोकावा तसा.

"त्र्याऐंशी," गुरुराज म्हणाला.

तानाबाई गादीवरून उतरली. विजयमालाच्या समोरून गेली, तिच्याकडे न बघता.

त्या दिवशी विजयमालाचा आकडा आला साठ. गुरुराजने तिला केंद्रात येऊ नका असं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "अहवालात काय लिहू? अजून तीन महिने थांबून बघता येईल. पण खरं सांगायचं तर, चालत्या गाडीत उभं राहणं पुन्हा जमेलच असं मी म्हणू शकत नाही."

"आहे तेच लिहा," ती म्हणाली.

तिने डेपोत अर्ज दिला. साहेबाने वाचला, वर बघितलं. "खिडकी चालेल तुम्हाला?" तिने मान हलवली, अगदी हळू, भिंत फिरू नये म्हणून.

तानाबाईला मेंढरांपाशी पोचवायचं कुणी, हा प्रश्न होता. बिरुदेव वाटेवर. लेक टॉवेलच्या कारखान्यात, सुट्टी मिळेना. विजयमाला हत्तुरे वस्तीत गेली आणि दाराबाहेरूनच म्हणाली, "मी नेते."

"हिच्यासंगं?" तानाबाई लेकीला म्हणाली. ती आत जाऊन लुगडं बदलून आली. मग गाठोडं उचललं. "चल. गाड्या तुलाच ठाव्या."

मिरजेच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या. खिडकीबाहेर कोवळी ज्वारी मागे पळत होती. विजयमालाला ती बघवेना, तिने समोरच्या सीटवर नजर रोवली. मंगळवेढ्याला गाडी थांबली तेव्हा तानाबाई म्हणाली, "तुजा किती आला?"

"साठ."

"मंग?"

"मग काय. आता खिडकीवर बसायचं. गाडी बंद."

तानाबाईने तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "जळलीस ती जळलीस गं," ती म्हणाली. "बाईमानूस हाय, जळतंच. माजी जाऊ माज्यावर उबा जलम जळली. पर माजं पाय कशाला काडून घ्येतलंस?"

गाडी सुटली.

जुनोनीच्या अलीकडे, सांगितलेल्या ठिकाणी त्या उतरल्या. रस्त्यापलीकडे मका काढून नांगरलेलं रान होतं, काळी ढेकळं उन्हात उताणी पडलेली. त्याच्या पार टोकाला मेंढरांचा कळप, दोन घोडी, धूर. मधे एक चर होता. विजयमालाने चराच्या काठापर्यंत गाठोडं नेलं. पुढे पाय टाकला, ढेकूळ फुटलं, आणि ती दोन्ही हात टेकून बसली.

"ऱ्हाऊ दे," तानाबाई म्हणाली. तिने गाठोडं घेऊन डोक्यावर ठेवलं आणि चर ओलांडला. गाठोड्याला हात लावला नाही. ढेकळांवरून ती चालत गेली, ना घाईने, ना जपून. कुत्री तिच्याकडे धावत आली. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. विजयमाला ती मेंढरांत मिसळेपर्यंत बघत राहिली. अजूनही तिला काहीतरी टोचत होतं, आणि ते काय आहे हे आता तिला नावानिशी ठाऊक होतं.

मग ती उठली, साडीची माती झटकली आणि रस्ता ओलांडून उलट्या बाजूला उभी राहिली. तासाभराने सोलापूरची गाडी आली. गच्च भरलेली. कंडक्टर ओळखीचा निघाला.

"विजयाताई! कधी येताय ड्युटीवर?"

"एक तारखेला. चौकशीवर बसणार आहे."

"असं होय," तो म्हणाला, आणि त्याने घंटी वाजवली.

गाडीने वेग घेतला. जवळच्या सीटवरची कॉलेजची एक मुलगी तिच्याकडे बघून उठली. "बसा ना, मावशी."

विजयमाला क्षणभर दांडा धरून उभी राहिली. मग म्हणाली, "बरं झालं, बाळा," आणि बसली.